तळघरातली बुजवलेली मोरी

१

मंगळवारी सकाळी कॅनडातल्या व्हिटबी गावातल्या त्या घरात कर्जसंस्थेचा इन्स्पेक्टर शिरला तेव्हा तो आधीच वैतागलेला होता. अंगणात गुडघाभर बर्फ, त्यावर ना माणसाचं पाऊल ना मांजराचं. दारापर्यंतची वाट त्याला स्वतःच तुडवावी लागली होती. आत पाऊल टाकलं तर घर बाहेरच्यापेक्षा गार. दिवा लावायला गेला, दिवा लागेना. मोबाइलचा उजेड धरून तो तळघराच्या पायऱ्या उतरला आणि मध्येच थबकला. खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि पाण्यावर सायीसारखा बर्फाचा पापुद्रा धरला होता.

मागून आलेला उन्मेष साळवी त्याच्या खांद्यावरून खाली बघत राहिला.

उन्मेष बारा वर्षं कॅनडाच्या सैन्यात होता. ट्रकांची इंजिनं दुरुस्त करण्यात गुडघा कामातून गेला, आणि चाळिशीच्या आत त्याला सन्मानाने घरी पाठवण्यात आलं. घरी म्हणजे मिल्टनमध्ये, दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये. बायको जाई, मुलगी गौरांगी, आणि नोव्हेंबरात कराडहून पहिल्यांदाच आलेले आई-अप्पा, असे पाचजण दोन खोल्यांत. माजी सैनिकांना घरासाठी कर्ज देणारी एक छोटी सहकारी संस्था त्याला सापडली, आणि बँकेने जप्त करून लिलावात काढलेलं हे घरही सापडलं. बंद पाकिटातली त्याची बोली सगळ्यात वरची निघाली. अनामत भरून झाली. संस्थेची अट एकच होती: घर राहण्याजोगं आहे असं त्यांच्या इन्स्पेक्टरने सांगितलं पाहिजे, तरच कर्ज.

इन्स्पेक्टरने मान हलवली. कुणीतरी बेसमेंटमधला विजेचा मेन स्विच पाडला होता. त्यामुळे घर तापवणारी फर्नेस बंद, घर गोठलं, पाइप फुटले. एवढंही समजून घेता आलं असतं. पण पाणी उपसल्यावर जे दिसलं त्याने उन्मेषच्या अंगाचा तिळपापड झाला. तळघरातली जमिनीतली मोरी, जिच्यातून हे सगळं पाणी वाहून जायला हवं होतं, ती प्लॅस्टिकची पिशवी अंथरून, वर रंगाचा भरलेला डबा दाबून कुणीतरी बुजवून ठेवली होती.

"दॅट्स नॉट ॲन ॲक्सिडेंट," इन्स्पेक्टर म्हणाला.

पिशवी इंडियन ग्रोसरीची होती. आणि या घराचा आधीचा मालक होता नंदकुमार शिर्के.

२

नंदकुमार शिर्क्यांना सगळे नंदूदादा म्हणत. उन्मेष कॅनडात कॉलेजात शिकायला आला तेव्हा नंदूदादा आणि वनितावहिनी डबे पुरवायचे. खिशात पैसे नसलेल्या महिन्यांतही उन्मेषचा डबा कधी चुकला नाही. "नोकरी लागली की बघू," एवढंच दादा म्हणायचे, आणि नोकरी लागल्यावरही त्यांनी कधी विषय काढला नाही. पुढे त्यांनी मोठं किचन भाड्याने घेतलं, ते चाललं नाही, आणि ते सावरताना घर गेलं.

लिलावाच्या यादीतला पत्ता उन्मेषने वाचला तेव्हाच ओळखला होता. या घरात तो गणपतीला जेवून गेला होता. कुणीतरी घेणारच आहे, मग मी का नको, असं त्याने स्वतःला बजावलं आणि बोली लावली. पण नंदूदादांना फोन करून हे सांगण्याची हिंमत त्याला झाली नाही. इन्स्पेक्टर यायच्या आधीच्या शनिवारी घर पाहायला आई-अप्पांना घेऊन गेला तेव्हाही चोरासारखा गेला. गुडघेदुखीने आई बेजार होती म्हणून तिला लवकर गाडीत नेऊन बसवलं. अप्पा म्हणाले, "तुम्ही गाडी तापवा, मी दार लावून येतो." ते बाहेर येईपर्यंत बर्फाची भुरभुर सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, उन्मेषचा फोन वाजला होता. नंदूदादा. कळलेलं दिसतंय यांना, त्याच्या मनात आलं, आणि फोन त्याने पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पुन्हा त्याने तो पालथाच राहू दिला.

मंगळवारनंतर मात्र त्याची सगळी लाज रागात बदलली. लाजेपेक्षा राग सोसायला सोपा असतो. त्या आठवड्यात शनिवारी मिल्टनच्या कम्युनिटी हॉलमध्ये मराठी मंडळाची संक्रांत होती. जेवणाचं काम नंदूदादांकडेच. ते गुळपोळीवर तूप वाढत होते, आणि उन्मेष ताट घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"घर गेलं म्हणून दुसऱ्याचं घर बुडवायचं, दादा? मोरी बुजवलीत, पाइप फोडलेत. मी पोलिसांत नाव दिलंय तुमचं."

नंदूदादांनी तुपाची वाटी खाली ठेवली. ते काही बोलतील म्हणून सगळे थांबले होते. ते ॲप्रन काढून किचनच्या मागच्या दाराने निघून गेले आणि पाठोपाठ वनितावहिनी गेल्या. गुळपोळ्या लोकांनी स्वतःच वाढून घेतल्या.

घरी येताना गाडीत गौरांगीने विचारलं, "बाबा, आर वी स्टिल गेटिंग द हाउस?"

३

बँकेच्या वकिलाने फोनवर सरळ सांगितलं. बाहेरच्या माणसाने नुकसान केलं असेल तर दुरुस्ती बँकेच्या माथी. मग घर नीट होईल आणि कर्जही मिळेल. पण घेणाऱ्याच्या कुणा माणसाच्या हातून झालं असेल, तर अनामत गेली आणि घरही गेलं. "आणि आरोप करताय तर काहीतरी पुरावा आणा," असंही वकील म्हणाला.

म्हणून जाईने चित्रामावशींना बोलावलं. चित्रा गोखले मिल्टनमध्येच दोन गल्ल्या सोडून राहायच्या. विमा कंपनीत लोकांची जळालेली, बुडालेली, पडलेली घरं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. आता निवृत्त. कुणाच्या घरी गेल्या की पिशवीतून स्वतःच्या सपाता काढून घालायच्या आणि यजमानाला न विचारता खुर्ची निवडायच्या.

"मला काय सिद्ध करायला बोलावलंयस?" त्यांनी जाईला विचारलं.

"नंदूदादांनी केलं ते," उन्मेषनेच उत्तर दिलं.

"तसं नाही जमणार. काय झालं ते शोधते. नंतर ते आवडलं नाही तर मला सांगू नकोस."

कोपऱ्यात अप्पा शाल पांघरून बसले होते. मंगळवारपासून त्यांचं जेवण तुटलं होतं. थंडी बाधली असं आई म्हणत होती. त्या दिवशी सकाळीच त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का ते बघायला सांगितलं होतं. उन्मेषला वाटलं, म्हातारा माणूस कंटाळला असेल.

व्हिटबीला पोचल्यावर मावशी थेट तळघरात गेल्याच नाहीत. आधी स्वयंपाकघरात गेल्या. शेगडीच्या बाजूच्या कपाटात हात घालून त्यांनी गॅसचा कॉक चाचपला. बंद. मग वरच्या वॉशरूममध्ये. बेसिनच्या आणि टबच्या भोकांत बुचं घट्ट बसवलेली. बेसिनचा नळ एवढा आवळलेला, की मावशींना तो सुटेना. उन्मेषला सोडवावा लागला. खिडक्या एकूण एक कडीबंद. बेसमेंटची मागची खिडकीसुद्धा, जिची कडी नीट लागत नाही हे नंदूदादांना ठाऊक असणार म्हणून उन्मेष त्यांच्यावर संशय घेत होता, तिच्या कडीत दोरा गुंडाळून ती पक्की केलेली होती.

"काय काय आणि किती मन लावून केलंय बघा," उन्मेष चिडून म्हणाला. "एक भोक सोडलं नाही, मावशी."

"तेच बघतेय मी," मावशी म्हणाल्या. "माझ्या सगळ्या नोकरीत मी नासधूस करणारे ढीगभर पाहिले. जाताना गॅस बंद करून जाणारा एकही नाही पाहिला."

मेन स्विचच्या पेटीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. शेजारच्या भिंतीवर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह होता. मंगळवारी तो पूर्ण उघडा सापडला होता, पाणी उपसण्याआधी उन्मेषने तो बंद केला होता. मावशींनी विचारलं, "उन्मेष, घर पाहायला आलात त्या शनिवारी इथे तुमच्यापैकी शेवटी कोण होतं?"

"आम्ही सगळे एकदमच निघालो," तो म्हणाला. त्या वेळी त्याला खरंच तसं वाटत होतं.

४

रिचमंड हिलचा पृथ्वीराज घाटगे घरांची दलाली करायचा. लिलावात दुसऱ्या नंबरची बोली त्याची होती, आणि किल्ली ठेवलेल्या पेटीचा कोड त्याला ठाऊक होता. ऑफिसात त्याने मावशींना कॉफी दिली, उन्मेषला दिली नाही.

"मावशी, स्ट्रेट बोलतो. याचं लोन रिजेक्ट झालं तर घर मला मिळतं. मोटिव्ह आहे माझ्याकडे, डिनाय नाही करत. पण जे घर मला हवंय त्यात मी पाणी कशाला भरीन? बेसमेंट बुडलं की ते रिपेअर करायला माझाच खिसा."

"आणि घर बंद ठेवायचं असलं तर तू काय करतोस?"

"सिंपल. विंटरमध्ये एम्प्टी हाउस असलं की पाणी बंद, हीट चालू. क्लायंटला पहिलं हेच सांगतो. इथे उलटं केलंय कुणीतरी. हीट बंद, पाणी चालू. कॅनडात दोन विंटर काढलेला माणूस चुकूनही असं करणार नाही."

"मुद्दाम केलं तर?" उन्मेष मध्येच बोलला.

पृथ्वीराजने खांदे उडवले. "मुद्दाम करणारा पाइपवर हातोडा घालतो रे. दोन दिवस गोठायची वाट बघत बसत नाही."

उन्मेषला हे पटलं, आणि पटल्याचा रागही आला.

दुसरा निहार. नागपूरचा पोरगा, कॉलेजात शिकत होता, नंदूदादांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा. घर जप्त झालं तेव्हा त्याला ऐन टर्ममध्ये बाहेर पडावं लागलं होतं. तो एका कॉफीच्या दुकानात काउंटरवर सापडला. ब्रेक घेऊन बाहेर आला तो तणतणतच.

"मी कशाला करू, काकू? दादांनी मला माझं डिपॉझिट पूर्ण रिटर्न केलं. स्वतःचं घर जात होतं तेव्हा. आणि हे म्हणतात दादांनी केलं! काय बोलायचं आता?"

"तुझा मेन स्विचशी कधी संबंध आला होता का?" मावशींनी विचारलं.

निहार थोडा ओशाळला. "आला होता ना. फर्स्ट विंटर होता माझा. मॉन्ट्रियलला चाललो होतो दोन दिवस. बिल वाचवावं म्हणून खालच्या हीटिंगचा स्विच पाडला अन् निघालो. नागपूरला आपण तेच करतो नं, घर बंद करायचं तर सगळं बंद. दादा संध्याकाळी खाली आले म्हणून पाइप वाचले. जाम बोलले मला. मग गरम पोहे दिले."

गाडी हायवेवर लागल्यावर मावशी म्हणाल्या, "पृथ्वीराज, हा पोरगा आणि नंदकुमार, तिघंही हे करू शकले असते, पण तिघांपैकी कुणी असं केलं नसतं. तू मला नंदकुमारकडे ने."

उन्मेषने स्टिअरिंग घट्ट धरलं. "मी आत नाही येणार, मावशी."

५

नंदूदादा आता व्हिटबीतच एका दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होते. उन्मेष खाली गाडीत बसून राहिला. वर खिडकीत कुणीतरी आलं, त्याला पाहिलं आणि पडदा ओढला. त्याने सीट मागे केली, खिडकीतून दिसू नये म्हणून. सैन्यात असताना तो असा कधी लपला नव्हता.

मावशी लवकरच परतल्या. "बोलायला तयार नाही. म्हणतो, तो म्हणतोय ना मी केलं, मग केलं असेन. रविवारी तिथे गेला होता का विचारलं, तर हो म्हणाला. कशाला, विचारलं तर गप्प."

"बघा! गेला होता तो!" उन्मेषचा आवाज एकदम चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आठवण पुढे कितीतरी दिवस त्याला टोचत राहणार होती.

"समोरच्या घरात कोण राहतं?" मावशींनी विचारलं.

समोर मॉरीन राहायची. ऐंशीच्या पुढची, एकटी, दिवसभर खिडकीशी बसलेली. तिने दोघांना आत घेतलं, बिस्किटं पुढे केली आणि उन्मेषकडे पाहून हसली. तो कोण हे तिला माहीत नव्हतं. मावशींनी तिच्याशी तिच्याच इंग्रजीत गप्पा मारल्या आणि नंदूदादांचा विषय काढला.

नॅन्डू का? तो तर दर हिवाळ्यात तिच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ साफ करून देतो. घर गेल्यावरही येतो. त्या रविवारीही आला होता, फावडं घेऊन. स्वतःच्या जुन्या घराच्या अंगणात त्याने पाऊल टाकलं नाही, तिने खिडकीतून पाहिलं होतं. फक्त शोव्हल करता करता थांबून तो त्या घराकडे बघत राहिला.

"का बघत होता?" मावशींनी विचारलं.

कारण भिंतीतल्या नळीतून फर्नेसची वाफ येत नव्हती, मॉरीन म्हणाली. शिवाय त्या घराच्या पोर्चवरचा दिवा अंधार पडला की आपोआप लागतो. शनिवारी लागला नाही. तिने ते नॅन्डूला सांगितलं. शनिवारी दुपारी एक कुटुंब आलं होतं, ते गेल्यापासून ती इथेच बसली होती, दुसरी कुठलीही गाडी आली नाही.

मावशींनी उन्मेषकडे पाहिलं नाही. त्या बिस्किटाकडे बघत होत्या.

"मग नॅन्डूने काय केलं?"

"ही वॉज सो वरीड," मॉरीन म्हणाली. इथेच, या किचनमध्ये उभं राहून त्याने नव्या मालकाला फोन लावला. दोनदा. कुणी उचलला नाही. मग म्हणाला, आता ते माझं घर नाही, मी आत कसा जाऊ? बँकेलाही लावला, पण रविवारी बँक बंद.

उन्मेषला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं, आणि मॉरीन त्याच्यापुढे पुन्हा बिस्किटांची बशी करत होती.

६

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, रविवारी दुपारी, चित्रामावशी उन्मेषकडे आल्या. सपाता घातल्या, खुर्ची निवडली. जाई, आई, अप्पा, उन्मेष समोर बसले. गौरांगीला मैत्रिणीकडे पाठवलं होतं.

"पोलिसांनी, इन्स्पेक्टरने आणि उन्मेषने एकच चूक केली," मावशी म्हणाल्या. "बुजवलेली मोरी पाहिली आणि ठरवलं की हे वैर आहे. मी सुरुवात दुसरीकडून केली. गॅस बंद. नळ आवळलेले. बेसिनला बूच. खिडकीची सैल कडी दोऱ्याने बांधलेली. मेन बंद. हे सगळं एका माणसाने एका वेळी केलंय, आणि यातल्या एकाही गोष्टीत वाईट हेतू नाही. आपण तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला निघालो की काय करायचो? गॅस बंद, मेन बंद. आणि मोरीवर काहीतरी जड ठेवायचं. कशासाठी, जाई?"

"उंदीर-झुरळं वर येऊ नयेत म्हणून," जाई नकळत बोलून गेली, आणि तिचा हात तोंडाशी गेला.

"घर बुडवलेलं नाही कुणी. घर नीट बंद केलंय. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह तेवढा राहिला, कारण आपल्याकडे सोसायटीत तो आपल्या हातात नसतो. आपण नळ आवळतो आणि निघतो. म्हणजे करणारा आपल्यातला, काळजीवाहू, आणि इथला पहिलाच हिवाळा काढणारा. नंदकुमारची इथे निम्मी हयात गेली. पृथ्वीराज घरंच विकतो. निहार ही चूक एकदा करून शहाणा झालाय. शनिवारी तुम्ही निघालात आणि त्याच संध्याकाळी पोर्चचा दिवा लागला नाही. तुमच्यानंतर तिथे कुणी आलं नाही." त्या थांबल्या. "पुढचं मी बोलावं असं मला वाटत नाही."

मग अप्पांनी शाल बाजूला केली.

अप्पा, म्हणजे शरदचंद्र साळवी, वीज मंडळात इंजिनियर होते. शॉर्ट सर्किटने जळालेली घरं त्यांनी इतकी पाहिली होती, की शेजारी गावाला निघाला तरी ते त्याच्या दारात जाऊन मेन पाडलास का म्हणून विचारायचे.

"मी केलं," ते म्हणाले. "पोराचं घर आहे, नीट बंद करून जावं म्हटलं. मोरीला जाळी नव्हती. आईच्या खाऊची पिशवी होती हातात." ते उन्मेषकडे वळले. "मंगळवारी तू आलास आणि मेन कुणीतरी पाडलाय म्हणालास, तेव्हाच कळलं मला. सांगणार होतो रे. पण तू त्या माणसाचं नाव घेतलंस आणि माझी जीभच उचलेना. मग हॉलमध्ये तू बोललास. मी तिथे बसलो होतो, उन्मेष. त्याने वाढलेली पोळी माझ्या ताटात होती."

आईने पदर तोंडाला लावला. उन्मेषला अप्पांकडे बघवेना. त्यांची कीव येत होती, रागही येत होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आता ही गोष्ट बाहेर कशी जाऊ द्यायची नाही याचा हिशेब त्याच्या डोक्यात सुरूही झाला होता.

तो हिशेब जाईने बोलून दाखवला. "मावशी, हे आपल्यातच राहिलं तर? म्हणजे, पुरावा कुणाकडेच नाहीये. पोलीस दादांना काही करणार नाहीत, हळूहळू केस क्लोज होईल. बँक रिपेअर करून देईल. अप्पांचं नाव... आणि गौरांगीला तिची खोली..." तिला पुढे बोलवेना.

"मी रिटायर्ड आहे," मावशी म्हणाल्या. "मला कुणाला रिपोर्ट द्यायचा नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त एक विचारायचं राहिलंय." त्या उन्मेषकडे वळल्या. "माझ्या अंदाजाने पाइप रविवारी रात्री फुटले. दुपारपर्यंत घर वाचण्यासारखं होतं. नव्या मालकाने फोन का उचलला नाही?"

"कसला फोन?" जाईने विचारलं.

उन्मेषने उत्तर दिलं तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "नंदूदादांचा. दोनदा आला होता. मला वाटलं शिव्या घालायला केला असेल. त्यांचं घर घेतलं होतं मी, त्यांना न सांगता. तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून..."

अप्पांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बापलेक दोघेही एकाच गोष्टीपायी गप्प बसले होते, आणि त्या दोन गप्पांच्या मध्ये तिसराच माणूस भरडला गेला होता.

चित्रामावशींनी सपाता पिशवीत घातल्या आणि त्या निघून गेल्या.

७

सोमवारी सकाळी उन्मेषने तीन फोन केले. पोलिसांना, बँकेच्या वकिलाला आणि कर्जसंस्थेला. प्रत्येकाला तेच सांगितलं: नुकसान माझ्या घरच्या माणसाकडून झालं, नंदकुमार शिर्के यांचा संबंध नाही, मी खोटा आरोप केला. वकील म्हणाला, "यू अंडरस्टँड व्हॉट धिस मीन्स?" उन्मेष हो म्हणाला. अनामत गेली, घर गेलं. जाई आतल्या खोलीत जाऊन रडली, बाहेर आली, आणि म्हणाली, "अप्पांना घेऊन जा. एकटा जाऊ नकोस."

दुकानावरचा जिना अरुंद होता. अप्पा एका हातात काठी घेऊन, कठड्याला धरून चढत होते. दार वनितावहिनींनी उघडलं. उन्मेषला पाहून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला, पण मागे म्हातारा माणूस दिसला म्हणून त्या बाजूला सरकल्या. आत ओट्यावर मोजकेच डबे मांडले होते.

नंदूदादा हात पुसत बाहेर आले. उन्मेषने वाटभर वाक्यं जुळवली होती. जे बाहेर पडलं ते तुटक होतं, पण त्यात सगळं होतं. मेन स्विच, मोरी, पोलिसांना केलेला फोन.

"ते कळलं मला," नंदूदादा म्हणाले. "पोलिसांचा कॉल आला होता सकाळी. मी काय म्हणतो, उन्मेष, तू हॉलमध्ये बोललास ते एक वेळ जाऊ दे. चिडला होतास. पण फोन का नाही उचललास?"

"लाज वाटत होती, दादा."

नंदूदादा खाली बघून हसले, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. "मला पण तेच वाटलं. म्हटलं, बरोबर आहे, ज्याचं घर बँकेने ओढून नेलं त्याच्याशी बोलायची लाज वाटत असेल आता पोराला."

"तसं नव्हतं हो!" उन्मेष कळवळून म्हणाला. "माझी लाज होती ती. माझी."

"असेल. मला कसं कळणार?" ते म्हणाले. "घर गेलं तेव्हा लोक हळहळले. तू बोललास तेव्हापासून लोक डबे बंद करायला लागलेत. ही मंडळात यायचं नाही म्हणते. तेव्हा इथे येऊन सांगितलंस त्याने काही व्हायचं नाही."

"तिथेच सांगतो. सगळ्यांसमोर. पुढच्या कार्यक्रमाची वाट नाही बघत, येत्या रविवारी बोलावतो सगळ्यांना."

नंदूदादांनी नुसती मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि उन्मेषला ते विचारायचा धीर झाला नाही.

तेवढ्यात अप्पा पुढे झाले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि काही कळायच्या आत, आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या त्या माणसाच्या पायांशी ते वाकायला लागले. वहिनी ओरडल्याच. नंदूदादांनी झेप घेऊन त्यांना मध्येच धरलं. "अप्पा! अहो काय करता हे! तुम्ही माझ्या वडिलांसारखे. तुमची काय चूक त्यात? तुम्ही तर घर जपायला गेलात!" त्यांनी अप्पांना धरून खुर्चीत बसवलं, वहिनींना पाणी आणायला सांगितलं, आणि स्वतः त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

उन्मेष दाराजवळ तसाच उभा होता. आपला बाप ज्या पायांशी वाकला तिथे खरं तर आपण वाकायला हवं होतं, तेही आज नाही, लिलावाची बोली लावायच्या आधी, हे त्याला आत्ता दिसत होतं. दुखऱ्या गुडघ्यावर भार देत तो पुढे आला.

तो वाकला तेव्हा नंदूदादांनी त्याला अडवलं नाही.